फाडफाड इंग्रजी आणि अर्ध्या इंचाचा पोर्ट

आज सकाळी ग्रुपवर एका कॉलेजचं पोस्टर आलं. ‘ग्लोबल इंजिनिअर व्हा!’ दोन दिवसांची कार्यशाळा. विषय: आत्मविश्वास, नेतृत्व, नेटवर्किंग, उच्चार सुधारणा. परदेशी ड्रॉइंग कसं वाचायचं, याचा पत्ताच नाही. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

भोसरीच्या एका कारखान्यातलं गेल्या आठवड्याचं प्रकरण घ्या. नाव नको. अमेरिकेहून कूलंट पंप आला (मशिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा). ड्रॉइंगवर पोर्टसमोर, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडासमोर, फक्त ‘अर्धा इंच’ लिहिलेलं. आपल्या लोकांनी नेहमीसारखे टेपर, म्हणजे निमुळत्या, बीएसपीचे (पक्ष नव्हे, ब्रिटिश पाइप थ्रेड) निपल, म्हणजे आटे पाडलेले पाइपाचे छोटे तुकडे, आणले. पंपाचा पोर्ट निघाला एनपीटी, म्हणजे अमेरिकन टेपर पाइप थ्रेड. खरी गोम अशी की अर्धा आणि पाऊण इंच या दोन मापांना दोन्ही पद्धतींत इंचाला 14 आटेच असतात. त्यामुळे निपल हातानेच तीन-चार आटे छान आत जातं, पाना मारला की घट्टही लागतं. सगळ्यांना वाटतं, बसलं. पण एनपीटीच्या आट्याचा कोन 60 अंश, बीएसपीचा 55. व्यास एकाचा 21.34 मिलिमीटर, दुसऱ्याचा 20.96. आट्यांच्या बाजू एकमेकींना नीट टेकतच नाहीत आणि मधल्या फटीतून गोल गोल फिरत पाणी बाहेर येतं. एक इंची मापाला मात्र एनपीटीत इंचाला साडेअकरा आटे, बीएसपीत 11. तिथे दोन-चार आट्यांतच अडकतं आणि चूक लगेच कळते. अर्धा इंच तोंडावर गोड बोलतो.

15 बार दाबाला टेस्ट लावली, थेंब पडायला लागले. मग काय, टेफ्लॉन टेप! आधी तीन वेढे, मग आठ. मग पान्याला पाइप घालून जोर. टेपर आटा पाचरीसारखा रुततो, त्यामुळे बिडाच्या पोर्टला तडा गेला. पंप बाद.

आणि या पंपासाठी तीन आठवडे व्हिडिओ कॉल चालू होते बरं का. उत्तम इंग्रजी, उत्तम स्लाइड्स. ‘अर्धा इंच, पण कुठल्या स्टँडर्डचा?’ एवढं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. ‘येस सर, नो इश्यू सर’ मात्र भरपूर. परदेशी माणसाला प्रश्न विचारला की आपण अडाणी ठरतो, हे आपल्या पोरांच्या डोक्यात कुणी भरवलंय? मला राग त्याचा आहे, पोरांचा नाही.

जगभर काम करणारा इंजिनिअर मोठा ठरतो तो याच एका खोडीने: समोरच्याचा आकडा दिसला की ‘हा कुठल्या नियमाने लिहिलाय?’ असं विचारायचं. ड्रॉइंग हातात आलं की आधी आकृती नाही, खालचा टायटल ब्लॉक, म्हणजे माहितीची चौकट, बघायची. शंकूचं चिन्ह फर्स्ट अँगलचं की थर्डचं (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या या दोन पद्धती)? आपण आणि युरोप फर्स्टवाले, अमेरिका थर्डवाली. चुकलात तर भोक आरशातल्यासारखं उलट्या बाजूला. जर्मन ड्रॉइंगवरचा 1,500 म्हणजे दीड, दीड हजार नाही. आणि सर्वांत चकवणारं: एएसएमईच्या (अमेरिकन) नियमात पिनेचा व्यास कमाल मर्यादेला असेल तर ती पूर्ण सरळ असलीच पाहिजे, कारण मापाची मर्यादा आकारालाही बांधते. आयएसओत (आंतरराष्ट्रीय नियमांत) तसं वेगळं लिहिलं नसेल तर माप आणि सरळपणा स्वतंत्र. तेच ड्रॉइंग, तोच आकडा, पण वाकडी पिन एकीकडे पास आणि दुसरीकडे रिजेक्ट.

तापमानाचंही तेच. ड्रॉइंगवरची मापं 20 अंशांवरची धरलेली असतात. मे महिन्यात शेडमध्ये 38 असताना 500 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट साधारण 0.2 मिलिमीटर वाढतो. मोजायचा स्टीलचा व्हर्नियरही सोबत निम्मा वाढतो, म्हणून आपल्याला वाढ निम्मीच दिसते. आपल्या व्हर्नियरवर बरोबर केलेला पार्ट त्यांच्या एसी लॅबमध्ये साधारण 0.1 मिलिमीटर कमी भरतो. मग ‘गोऱ्यांना नखरे फार’!

गोरेही काही कमी नाहीत म्हणा. ऱ्हाईनवरचा लाउफेनबुर्गचा पूल आठवा. जर्मनी उंची मोजते उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून. फरक 27 सेंटिमीटर, आणि तो दोघांनाही माहीत होता! दुरुस्ती करताना अधिकच्या जागी वजा झालं आणि 2003 मध्ये दोन टोकांत 54 सेंटिमीटरची तफावत निघाली. फरक नुसता माहीत असून भागत नाही. कुणाचं शून्य वर, कुणाचं खाली, हे एका कागदावर आकृती काढून दोघांनी सही करायची असते.

हो, इंग्रजी लागतं. मान्य. तीन ओळींचा स्वच्छ ईमेल लिहिता आला पाहिजे: कुठलं ड्रॉइंग, कुठली रिव्हिजन, काय समजलं नाही, उत्तर येईपर्यंत कुठलं काम थांबवतोय. त्यात उच्चार कुठे आला?

आता भोसरीतलं पुढचं ऐका. शोध लावला आयटीआयच्या एका फिटर पोराने. पंपाच्या पोर्टला वाहतुकीसाठी लावलेला लोखंडी प्लग त्याने भंगाराच्या डब्यातून काढला, पुसला आणि उजेडासमोर धरून थ्रेड गेजचं (आटे ओळखायच्या दातेरी पट्ट्यांचं) पान लावलं. 55 अंशांच्या पानाच्या बाजूने उजेडाची रेघ दिसली. 60 चं चपखल बसलं. ‘साहेब, हा आपला आटाच नाही.’ कुणी सांगितलं नव्हतं त्याला. इतकं बरं वाटलं ते ऐकून!

नवीन पंप मागवलाय. नव्या ड्रॉइंगवर आता ‘1/2-14 एनपीटी, एएसएमई बी1.20.1’ असं पूर्ण लिहून घेतलंय. निपलही तेच. टेप मात्र लागणारच, कारण साध्या एनपीटीत आट्याच्या शेंड्याला थोडी फट राहतेच. पहिला आटा मोकळा सोडून, टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने दोन-तीन वेढे, बास. रिपोर्टमध्ये शोधाचं श्रेय ‘टीम’ला दिलंय. त्या पोराचं नाव घालायला सांगितलंय, बघू घालतात का.