टोचताना लेकरू मायच्या मांडीवर हवं

दारव्ह्याकडच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. चुलतभावाच्या दीड महिन्याच्या मुलीला अंगणवाडीतली सरकारी लस द्यायची, की यवतमाळला नेऊन हजारो रुपयांची ‘पेनलेस’? काकू म्हणतात, लेकराचे हाल कशाला? काका म्हणतात, रडू द्या, आपण सारे असेच वाढलो. टोरंटोत बसून हे वाचताना मला दोन्ही पटत नाही.

पेनलेसमध्ये डांग्या खोकल्याची लस वेगळ्या प्रकारची असते. ताप, सूज कमी येते हे खरं. पण सुई तीच, आणि सरकारी पेंटाव्हॅलंटचं (पाच रोगांवरची एकत्र लस) डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त टिकतं. मजुरीवर चालणाऱ्या घराने पेनलेससाठी उधारी करू नये.

‘रडू द्या’ तर त्याहून वाईट. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रियाही अनेकदा पुरेशी भूल न देता व्हायच्या. त्यांना दुखत नाही, असा डॉक्टरांचाच समज होता. १९८७च्या सुमारास डॉ. कंवलजीत आनंद यांच्या संशोधनाने तो मोडीत काढला.

इथे माझ्या मुलीच्या पहिल्या लसीला नर्सने मला खुर्चीत बसवलं, म्हणाली, पाजायला घ्या. मुलगी नीट ओढायला लागल्यावरच तिने मांडीत सुई टोचली. मुलगी कळवळली, किंचाळली आणि लगेच पुन्हा दुधाला लागली. जागतिक आरोग्य संघटनाही २०१५पासून हेच सांगते: बाळ आईच्या कुशीत हवं, जमेल तिथे अंगावर पाजत टोचावं, जास्त झोंबणारी लस शेवटी द्यावी. भूल देणाऱ्या महागड्या मलमाचा आग्रह ती संघटनाही सरकारी मोहिमांसाठी धरत नाही.

गावातलं लसीकरण सत्र मी पाहिलंय. सिस्टर कामात चोख, आशाताईंनी घरोघरी जाऊन एकेक बाळ आणलेलं. पण बाळ टेबलावर उताणं, आत्याने पाय दाबून धरलेले, आणि माय दाराबाहेर: ‘मले नाही पाहवत बाई!’ दूध मिळतं ते सगळं झाल्यावर. टोचताना पाजलं तर ठसका लागेल, ही भीती. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. खरी अडचण वेगळीच असते, सासरे नि गावचे लोक समोर असताना पाजायचं कसं? खिडकीशी एक साडी आडवी बांधली की ही अडचण सुटते. दुधाऐवजी मध मात्र चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचा.

खेड्यात हे जमत नाही, असं कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्याच बायकांना आजारी नवजात बाळांना घरी इंजेक्शन द्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मायला खुर्ची देणं त्यापुढे काय अवघड?

वर्ष-दीड वर्षाच्या लेकराला तर झोपवूच नका. मांडीवर उभं बसवा, छातीशी धरा, खुळखुळा दाखवा. ‘सुई नाही देत’ असं खोटं सांगू नका, पुढच्या वेळी ते दारातूनच पळेल.

वहिनी, बुधवारी अंगणवाडीतच जा. सिस्टरना आधीच सांगून ठेवा, की मी पाजायला घेते, मग टोचा. आणि काकूंना साडी धरायला सोबत न्या.