ईजीआर बंद केला, धूर गेला, म्हणजे प्रदूषण गेलं?

डिझेल गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात असा: ईजीआर म्हणजे गाडीने सोडलेला घाण धूर परत इंजिनातच कोंबायची कंपनीची आयडिया, प्लेट टाकून तो बंद करा, डिझेल पूर्ण जळेल, काळा धूर थांबेल, पिकअप वाढेल आणि प्रदूषणही कमी होईल. यातलं धुराचं वाक्य खरंय, आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं.

"काळा धूर कमी होतो." हो, होतो. डिझेल इंजिनात इंधन आणि हवा आधी मिसळून येत नाहीत. आधी नुसती हवा दाबतात, पंधरा-सोळा पट, ती इतकी तापते की इंजेक्टरने हजारभर बारच्या वर प्रेशरने मारलेलं डिझेल स्पार्कशिवाय पेटतं. पण त्या फवाऱ्याच्या पोटात डिझेल भरपूर आणि ऑक्सिजन नाही, उष्णता मात्र प्रचंड, मग डिझेलचे रेणू जळण्याऐवजी तुटतात, अ‍ॅसिटिलीनसारखे तुकडे होतात, ते एकमेकांना चिकटत मोठे होतात आणि शेवटी काजळीचे कण तयार होतात. यातली बहुतेक काजळी पुढे ऑक्सिजन भेटला की सिलिंडरमध्येच जळून जाते, सायलेन्सरमधून दिसते ती उरलीसुरली. ईजीआर बंद केला की ऑक्सिजन वाढतो, ज्वाला जास्त तापते, उरलेली काजळीही बऱ्यापैकी जळते. इथपर्यंत मेसेज बरोबर.

"पूर्ण जळलं की प्रदूषण शून्य." इथे गाडी घसरली! त्याच ज्वालेच्या बाहेरच्या कडेला ऑक्सिजन भरपूर असतो आणि तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जातं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण एवढ्या तापमानाला तोही ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रिक ऑक्साइड बनतं (नायट्रोजनच्या अशा ऑक्साइडांना मिळून नॉक्स म्हणतात). म्हणजे नॉक्स मुख्यतः हवेतून येतो, डिझेलमधून नाही, त्यामुळे "चांगल्या पंपावर डिझेल भरा" हा उपाय इथे चालत नाही. तापमान थोडं वाढलं तरी नॉक्स भराभर वाढतो, आणि पिस्टन खाली जाताना गॅस इतक्या झटकन थंड होतो की बनलेला नॉक्स परत मोडायला वेळच मिळत नाही. ईजीआर थोडा जळका गॅस आत सोडून ऑक्सिजन कमी करतो, ज्वाला थंड ठेवतो, नॉक्स घटतो, काजळी थोडी वाढते. इंजेक्शन उशिरा केलं तरी साधारण तेच. एक दाबलं की दुसरं वर येतं, म्हणूनच नवीन गाड्यांत काजळीसाठी डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि अनेकांत नॉक्ससाठी डीईएफ (धुरात फवारायचं युरियाचं पाणी), दोन्ही लावावे लागले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ या गाड्यांच्या धुराच्या सरकारी नियमांमध्ये डिझेल कारची नॉक्स मर्यादा किलोमीटरला २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली, ती काय उगाच नाही.

"धूर दिसत नाही म्हणजे गाडी स्वच्छ." नायट्रिक ऑक्साइडला रंगच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत पकडल्या गेलेल्या फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या आठवा, डीपीएफ असल्यामुळे काळा धूर नव्हता, आणि रस्त्यावर नॉक्स मात्र मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. शिवाय हाच नॉक्स बाहेर उन्हात ओझोन बनवायला हातभार लावतो आणि पुढे नायट्रेटचे बारीक कण होतात, म्हणजे कणांपासूनही सुटका नाहीच.

"इंजिनात कार्बन साठतो, पिकअप जातो." कार्बन साठतो हे खरंय, ईजीआरची काजळी आणि ऑइलची वाफ मिळून इनटेकमध्ये चिकट थर बसतो. पण फुल अ‍ॅक्सिलरेटरला बहुतेक इंजिनांत ईजीआर व्हॉल्व्ह तसाही बंद असतो. पिकअप गेला असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का बघा, साफ करा, नाहीतर बदला.

"माझी पीयूसी पास झाली की!" होणारच. पीयूसीवाला डिझेल गाडी रेझ करायला लावून फक्त धुराची दाटी मोजतो, नॉक्स मोजतच नाही.