टाकी कुठं ठेवायची तेही सांगा

पाणी आणि छतावरचं सोलर यावरच्या तुमच्या लेखात माणशी रोज १३५ लिटर पाणी असा हिशोब मांडलाय, शहरांसाठी सरकारी निकष तोच आहे, मान्य. पण भो, हा हिशोब रोज नळ येणाऱ्या गावाचा झाला. आमच्या खान्देशात चौथ्या दिवशी नळ आले तरी लोक खुश असतात. पाच माणसांचं घर धरा, रोजचे ६७५ लिटर, चार दिवसांचे झाले २७००, म्हणजे डोक्यावर पावणेतीन टन वजन, आणि शहरी आवास योजनेतलं छोटं घर किती तर ३० चौरस मीटर! त्या स्लॅबवर टाकी ठेवायची का तुम्ही म्हणताय तसं सोलर लावायचं? एक किलोवॉटलाच साधारण १० चौरस मीटर गच्ची लागते, त्यात टाकीची सावली पॅनलवर पडली तर वीज अजून कमी.

आणि विजेचं म्हणाल तर नळ आले की अख्खी गल्ली नळाच्या लाईनला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढायची छोटी मोटर लावते, ज्याच्याकडे मोटर नाही त्याच्या तोटीतून नुसती हवा फुसफुसते, मग तोही उधारीवर का होईना मोटर आणतोच. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, घरोघरी कूलर चालू, त्यालाही पाणी लागतंच, आणि नेमकं नळाच्या टायमाला लाईट गेली की बसा पुढच्या पाळीची वाट बघत. धरणं वाढवा हे लेखात तीनदा आलंय, पण रोज अर्धा तास का होईना पूर्ण प्रेशरने पाणी सोडायचं म्हटलं तर काय लागेल, त्यावर एक ओळ नाही.