रिमॅप करून घ्यावा का? ‘कंपनी ताकद दाबून ठेवते’ या मजकुराला उत्तर

“कंपनी इंजिनाची ३० टक्के ताकद मुद्दाम दाबून ठेवते. तासाभरात रिमॅप करून घ्या. कुठलीही गाडी असो, पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, इंजिनाला काहीही होत नाही, सर्व्हिस सेंटरला कळत नाही, आणि नाहीच आवडलं तर गाडी होती तशी करून मिळते.”

हा मजकूर शब्दांच्या थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतोय. मला तो बऱ्याच जणांनी पाठवला आणि खाली प्रत्येकाचा प्रश्न एकच: करून घेऊ का? रिमॅप केलेली डिझेल गाडी मी तीन वर्षं रोज चालवतोय, तेव्हा रिमॅपला माझा विरोध असायचं कारण नाही. पण या मजकुरातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही, आणि त्यावर विसंबून लोक चांगल्या चालत्या गाड्यांची वाट लावून घेतात. म्हणून एकेक घेतो.

आधी रिमॅप म्हणजे काय ते थोडक्यात. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तक्ते बघून काम करतो. आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) किती, हवा किती येतेय, पेडल किती दाबलंय हे पाहायचं आणि तक्त्याच्या त्या घरात जो आकडा असेल त्याप्रमाणे इंधन सोडायचं, ठिणगी द्यायची, टर्बोचा (बाहेर पडणाऱ्या धुराने फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) दाब ठेवायचा. हे तक्ते बदलणं म्हणजे रिमॅप. इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच कॉम्प्युटरच्या हाती देणारी बॉशची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत आली. पुढे बरीच वर्षं तक्ते बदलायचे म्हणजे बोर्डावरची चिप काढून दुसरी बसवायची. ‘चिप ट्यूनिंग’ हा शब्द तेव्हाचा. आता केबल लावून फाइल बदलतात. तक्त्यातले आकडे बदलतात, इंजिनातला एक नटसुद्धा बदलत नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

“कंपनी ३० टक्के ताकद दाबून ठेवते.” याच्या पुराव्यादाखल नेहमी सांगतात की तेच इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये जास्त ताकद देतं, म्हणजे फरक फक्त सॉफ्टवेअरचा. कधीकधी तो खरंच तेवढाच असतो. पण बऱ्याचदा नसतो. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल घ्या. ७५ आणि ९० हॉर्सपॉवर अशा दोन अवतारांत ते येत होतं आणि नाव एकच असल्याने लोकांना वाटायचं, फाइल बदलली की ७५ चे ९० होतात. ७५ वाल्याचा टर्बो साधा, ठरलेल्या भूमितीचा. ९० वाल्याचा व्हेरिएबल, म्हणजे आतली पाती फिरवून धुराची वाट लहानमोठी करणारा. फोक्सवॅगन गोल्फच्या सातव्या पिढीत जीटीआय आणि आर यांचं दोन लिटर इंजिन एकाच घराण्यातलं, पण आरचा टर्बो मोठा. फाइल टाकून टर्बो मोठा होत नाही.

मग कंपनी काहीच हातचं राखत नाही का? राखते. पण कशासाठी, ते या मजकुरात कुठेच नाही. भर उन्हात, चार माणसं आणि सामान भरून, अर्धवट चोंदलेला एअर फिल्टर, हलकं पेट्रोल, ऑइल बदलायला दोन महिने उशीर झालेला आणि समोर लांब चढ, अशा दिवसासाठी ती शिल्लक असते. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलं की हवा साधारण १० टक्क्यांनी विरळ होते. तेवढाच दाब राखायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि लहान टर्बो मुळातच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरत असतात. कंपनीच्या तक्त्यात अशा वेळी दाब आपोआप कमी होतो. घाईत केलेल्या रिमॅपमध्ये नेमक्या याच मर्यादा वर सरकवलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट. तक्त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे ताकद, इंधन, धूर आणि टिकाऊपणा यांच्यातली तडजोड असते. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनचा घोटाळा. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो उघड केला. डिझेल गाड्यांच्या ईसीयूमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी स्वच्छ चालायची, आणि रस्त्यावर आली की नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होतं. त्या गाड्या रस्त्यावर स्वच्छ ठेवायच्या, तर इंधन, कामगिरी किंवा धूर साफ करणाऱ्या यंत्रणेच्या आयुष्यात कुठेतरी चुकवावं लागलं असतं. एका बाजूला काही मिळालं की दुसऱ्या बाजूने ते जातंच. कुलूप लावलेली तिजोरी असं काही इंजिनात नसतं.

“कुठलीही गाडी असो, पिकअप वाढतो.” टर्बो असलेल्या गाडीत वाढतो, हे मी मान्य करतो. इंजिन धडधाकट असेल तर २० ते ३० टक्के ताकद वाढणं अशक्य नाही, कारण दाब वाढवून जास्त हवा आत ढकलता येते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात जास्तीची हवा येणार कुठून? तिथे ठिणगी थोडी आधी देऊन आणि मिश्रण जरा बदलून ५ टक्के, फार तर १० टक्के हाती लागतात. तरीही अशा गाडीचे मालक शपथेवर सांगतात की गाडी बदलली. ते खोटं बोलत नाहीत. ट्यूनरने, म्हणजे रिमॅप करणाऱ्याने, पेडलचा तक्ता बदललेला असतो. आधी पेडल ३० टक्के दाबलं की थ्रॉटल (हवेच्या वाटेवरचा पडदा) ३० टक्के उघडायचा, आता तेवढ्याच दाबाला ५० टक्के उघडतो. पायाला गाडी हलकी लागते. पेडल तळापर्यंत दाबून स्टॉपवॉच लावा, फरक जवळजवळ दिसत नाही. एवढंच हवं असेल तर पेडल थोडं जास्त दाबा.

“अ‍ॅव्हरेज वाढतं.” सगळ्यात जास्त लोक या एका वाक्याला भुलतात, म्हणून इथे थोडा थांबतो. पेट्रोल गाडी एका वेगाने शांतपणे चालत असते तेव्हा सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रणावर लक्ष ठेवतो आणि ईसीयू ते १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, या वजनाच्या प्रमाणात आणून ठेवतो. हे सतत, प्रत्येक क्षणी चालू असतं. सेन्सर शाबूत असेल तर रिमॅपमुळे यात फारसं काही हलत नाही. आणि रोजचं बहुतेक ड्रायव्हिंग याच टप्प्यात होतं. डिझेलमध्ये इंधन थोडं आधी फवारून थोडीफार बचत करता येते, पण मग नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. म्हणजे पुन्हा तीच तडजोड.

पण “माझ्या स्क्रीनवर तर १८ चे २१ दिसतायत,” असं सांगणारे भेटतात. मलाही दिसले होते. रिमॅपनंतर पहिल्याच लांबच्या प्रवासात स्क्रीनवर २१.४. खूश झालो. मग एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कटला बंद, अशी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल चार वेळा मोजणी केली. चारही वेळा उत्तर १८ च्या आसपास, रिमॅपच्या आधी होतं तेवढंच. स्क्रीन खोटं का बोलत होती? इंजिनात किती इंधन गेलं हे थेट मोजणारं मीटर गाडीत नसतं. इंजेक्टरने किती फवारायचं हे ईसीयूने ठरवलेलं असतं, त्याचीच बेरीज स्क्रीनवर येते. आता ट्यूनरने ‘इतक्या इंधनासाठी इंजेक्टर इतका वेळ उघडा’ हा तक्ताच ताणला असेल, तर इंजेक्टर जास्त वेळ उघडा राहतो आणि ईसीयू मात्र जुन्याच हिशेबाने मोजतो. जे जास्त जळलं ते वहीत चढतच नाही. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरपर्यंत येणाऱ्या डिझेलचा दाब, मोजणाऱ्या सेन्सरला फसवणारे जे जोडडबे मिळतात, त्यांचंही तेच: दाब खरा जास्त, ईसीयूला दिसतो कमी. त्यामुळे रिमॅप केलेल्या गाडीचा स्क्रीनवरचा आकडा पुरावा म्हणून कुणी दाखवला तर टाकी ते टाकी हिशेब मागा.

“इंजिनाला काहीही होत नाही.” इंजिन लगेच फुटत नाही, एवढं खरं. पण आधी जातं ते इंजिन नसतंच. माझ्या गाडीचा मूळ टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २५० न्यूटन मीटर, रिमॅपनंतर कागदावर ३२०, आणि तोही १८०० आरपीएमलाच. आठ महिने मजेत गेले. मग एका चढावर चौथ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलं आणि आरपीएमचा काटा १८०० वरून एकदम २६०० वर गेला. वेगाचा काटा जागेवरच. पाय उचलला तसा आरपीएम खाली आला, पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मिनिटाभरात आत जळका, चरचरीत वास. क्लच प्लेट घसरत होती. गॅरेजवाल्याने प्लेट काढून हातात दिली तेव्हा तिचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झालेला आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग. रिमॅप करणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, क्लच आमच्याकडे येत नाही.

चूक माझीही होती, मी विचारलंच नव्हतं. क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला टॉर्क कळतो. आणि कमी आरपीएमला जास्त टॉर्क म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याला जास्त दाब, कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर जास्त भार. गाडी सुरुवातीलाच जोरात सुटावी म्हणून ट्यूनर टॉर्क खालीच कोंबतात, कारण ट्रायल घेताना गिऱ्हाईक तिथेच खूश होतं. ऑटोमॅटिकमध्ये हे आणखी नाजूक. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, डीक्यू२००, हा २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. असे गिअरबॉक्स ईसीयूला विचारतात, ‘आत्ता टॉर्क किती?’ आणि त्या उत्तरावर क्लच किती आवळायचा ते ठरवतात. गिअरबॉक्सने ताकद कापू नये म्हणून काही रिमॅपमध्ये हे उत्तरच खोटं ठेवलेलं असतं. मग क्लच कमी आवळला जातो आणि आतल्या आत घासत राहतो.

पेट्रोल टर्बोत धोका वेगळा. ठिणगी फार लवकर दिली किंवा पेट्रोलचा ऑक्टेन (आपोआप न भडकता दाब सोसायची क्षमता) कमी पडला की नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून आत ठोके बसतात. नॉक सेन्सर ते ऐकून ठिणगी मागे घेतो, म्हणजे ९८ ऑक्टेनसाठी बनवलेला मॅप ९१ वर चालवला तर सेन्सर सतत गाडी वाचवत बसतो आणि विकत घेतलेली ताकदही मिळत नाही. पण लहान, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला, जास्त भाराखाली मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतं. तिथे ठिणगी मागे घेऊन काही उपयोग नसतो, आणि असा एखादा जोरदार झटका पिस्टन फोडू शकतो.

डिझेलवाल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रिमॅपबरोबर “डीपीएफ आणि ईजीआर पण बंद करून देतो” असं सांगतात. ईजीआर म्हणजे धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, ती साधारण ६०० अंशांना जमलेली काजळी जाळते. डिझेलच्या ईसीयूमध्ये धूर मर्यादेत ठेवणारा एक तक्ता असतो, हवा कमी असेल तर इंधन वाढू न देणारा. तो ढिला केला की काजळी वाढते, गाळणी चोंदते, मग गाळणीच काढून टाकायची असा हा क्रम. पुष्कळ देशांत हे बेकायदा आहे. ते सोडा, ती काजळी तुमच्या मागे स्कूटरवर बसलेल्या पोराच्या छातीत जाते. पिकअपसाठी हे करू नका.

“सर्व्हिस सेंटरला कळत नाही.” कळतं. ईसीयूच्या फाइलला एक पडताळणी क्रमांक असतो, निदान यंत्र लावलं की तो दिसतो, आणि फाइल बदलली की तोही बदलतो. अनेक ईसीयू स्वतःत किती वेळा लिखाण झालं तेही मोजून ठेवतात, आणि मूळ फाइल परत टाकली तरी ती मोजणी मागे जात नाही. टर्बो वॉरंटीत मागायला गेलात की ते पहिलं हेच बघतील. विमा कंपनीलाही बदल कळवायला लागतो. लपवाल तर दाव्याच्या वेळी अडचण तुमची.

“गाडी होती तशी करून मिळते.” फाइल मिळते, घासलेली प्लेट मिळत नाही. शिवाय फाइल तरी तुमचीच आहे का हे विचारा. बऱ्याच नव्या ईसीयूमधून मूळ फाइल केबलने वाचताच येत नाही. मग ट्यूनर तुमच्या ईसीयूचा क्रमांक बघून संग्रहातली फाइल उतरवतो आणि तीच ‘मूळ’ म्हणून ठेवतो.

एवढं सगळं सांगूनही माझी गाडी आजही रिमॅप केलेलीच आहे. क्लच बदलल्यावर दुसऱ्याकडे गेलो. त्याने फाइल उघडायच्या आधी तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून ४००० पर्यंत गाडी खेचत नेली आणि टर्बोचा मागितलेला दाब, प्रत्यक्ष दाब, रेल प्रेशर, हवेचं प्रमाण असं सगळं लॉग केलं. प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा कमी पडत होता. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीला बारीक चीर निघाली, आधीच्या माणसाने तिच्यावरच दाब वाढवून ठेवला होता. नळी बदलली, मग मॅप. २२०० आरपीएमपर्यंत टॉर्क २८० च्या वर जाऊ द्यायचा नाही असं त्याने स्वतःहून ठरवलं, काम झाल्यावर पुन्हा तेच लॉग काढले आणि दोन्ही मला दिले. सुरुवातीचा तो धक्का गेला, वरची ताकद राहिली. त्याला दोन वर्षं झाली, आणि परवा त्याच चढावर चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम पेडल तळाला लावून पाहिलं. दोन्ही काटे बरोबरीने चढले.