धुईल हो, पण पिळणार कोण?

भाड्याने राहणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत वेश बदलून फिरत असतो. कधी रील, कधी ‘घर शिफ्ट करताय? आधी हे वाचा’ असा मथळा. मजकूर थोड्याफार फरकाने हाच: भाड्याच्या घरात मोठं वॉशिंग मशीन घेणं म्हणजे पैशाची नासाडी, त्यापेक्षा दोन-तीन हजारांचं पोर्टेबल घ्या. दोन माणसांचं धुणं आरामात होतं, पाणी आणि वीज निम्मी लागते, नळ-पाइपाची भानगड नाही, कपडे जवळजवळ वाळूनच बाहेर येतात, आणि घर बदलताना मशीन काखोटीला मारून निघायचं.

यातला काखोटीचा मुद्दा खरा आहे. बाकीच्यांबद्दल बोलू.

‘पोर्टेबल’ या नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि मेसेज त्या तिन्ही एकत्र कालवतो. एक, यूएसबीवर चालणारी चकती. ती बादलीत सोडायची. दोन, घडी होणारी प्लास्टिकची बादली, तळाशी फिरणारा पंखा. तीन, तीन किलोचं एका टबाचं छोटं मशीन, ज्यात कपडे पिळायला एक जाळीदार टोपली वरून बसवतात. मेसेजमधली किंमत असते दुसऱ्या वस्तूची, सांगितलेलं काम असतं तिसरीचं (ती साधारण चार ते सहा हजारांना पडते), आणि व्हिडिओ पुष्कळदा पहिलीचा.

पहिलीचा निकाल पटकन लावता येतो. साध्या यूएसबी चार्जरमधून येतात ५ व्होल्ट आणि साधारण २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. साध्या सेमी ऑटोमॅटिक मशीनची धुण्याची मोटर ३०० ते ४०० वॉटची असते. ‘अल्ट्रासॉनिक’ हा शब्द लावल्याने १० वॉटचे ३०० होत नाहीत. सोनाराकडे किंवा चष्म्याच्या दुकानात अल्ट्रासॉनिक टाकी असते ती खरी असते, पण तिथे स्टीलच्या टाकीला खालून कंपन देणारे भाग चिकटवलेले असतात आणि आत टणक वस्तू असते. ओलं सुती कापड त्या लहरी गिळून टाकतं. बादलीतली चकती पाणी गरगरवते, एवढंच. कपडे साबणात रात्रभर भिजवले तरी तितकंच होतं, आणि त्याला चार्जर लागत नाही.

आता दावा पहिला: दोन माणसांचं धुणं आरामात होतं. मशीनवरचे किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. एक जीन्स सहाशे ते आठशे ग्रॅम. अंगाला पुसायचा जाड टॉवेल अर्धा किलो. डबल बेडची सुती चादर आणि दोन अभ्रे मिळून किलोच्या आसपास. शर्ट, कुर्ते, टी-शर्ट दोन-दोनशे ग्रॅमचे. नोकरी करणाऱ्या जोडप्याचं आठवड्याचं धुणं मांडून बघा: दोन जीन्स, दोन टॉवेल, एक चादर, दहा वरचे कपडे, आतले कपडे आणि किरकोळ. सहा किलो सहज होतात. घडीच्या बादलीत आठ-दहा लिटर पाणी मावतं. पंख्याच्या मशीनमध्ये कपडे मोकळे फिरायला किलोला साधारण दहा लिटर पाणी लागतं, म्हणजे त्या बादलीत एका वेळी किलोभरही कपडे नीट हलत नाहीत. जीन्स एकटी घातली तर ती त्या पंख्यालाच थांबवते. ‘तीन किलो’वालं मशीन प्रामाणिकपणे दोन किलोचं काम करतं, तरीही सहा किलोंच्या तीन फेऱ्या होतात, आणि चादर त्यात घातली तर ती गोळा होऊन बसते, साबण मधपर्यंत पोचतच नाही.

तीन फेऱ्या ऐकायला जास्त वाटत नाहीत, कारण आपण फेरी म्हणजे दहा मिनिटांचा टायमर समजतो. पण एका फेरीत काय काय येतं? पाणी भरा, फिरवा, साबणाचं पाणी सोडा, पुन्हा भरा, विसळा, सोडा, पुन्हा भरा, विसळा, सोडा. मग कपडे बाहेर काढा, टोपली बसवा, अर्धे कपडे तिच्यात दाबा, फिरवा, काढा, उरलेले अर्धे घाला. कारण धुणं तीन किलोचं लिहिलेलं असलं तरी टोपली त्याच्या निम्म्याचीच असते. हे सगळं गुणिले तीन. रविवारची सकाळ त्यात जाते आणि तुम्ही मशीनपासून हलू शकत नाही.

कपडे हाताने धुणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा? घासण्याचा कुणी सांगणार नाही. आजकालच्या पावडरीत भिजवलं की घासायचं ते कॉलर आणि पँटच्या पायांच्या कडा. अंग मोडतं ते विसळताना आणि पिळताना. अर्धा किलोचा टॉवेल पाण्यातून उचलला की दोन किलोचा होतो. चादर दोन टोकांना दोन माणसांनी धरून पिळायची, आणि घरात एकच माणूस असेल तर नळाला गुंडाळून. मनगटं जातात ती इथे. पोर्टेबल मशीन तुमच्या हातून नेमकं सोपं काम काढून घेतं आणि अवघड काम परत तुमच्याच हातात ठेवतं. मला मेसेजवर खरा राग आहे तो याचाच.

म्हणून ‘कपडे जवळजवळ वाळूनच बाहेर येतात’ हा दावा सगळ्यात बारकाईने तपासायला हवा. पाणी बाहेर फेकणारा जोर फिरण्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. सेमी ऑटोमॅटिकचा स्पिनर, म्हणजे पिळायचा वेगळा ड्रम, मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे मारतो. त्याचा ड्रम अरुंद, व्यास साधारण पंचवीस सेंटीमीटर, तरी आत गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त जोर तयार होतो. मिनिटाला सातशे फेरे मारणारं टॉप लोड फुली ऑटोमॅटिक घेतलं तर टब मोठा असूनही जोर साधारण एकशेवीस पट. महागड्या मशीनपेक्षा जुन्या सेमीतून कपडे जास्त कोरडे निघतात, असं घरोघरी म्हणतात, त्यामागे हे गणित आहे. आता ती जाळीदार टोपली बघा. तिला वेगळी मोटर नाही, तोच तळाचा पंखा तिला फिरवतो. टोपली मिनिटाला तीन-चारशे फेरे मारत असेल तर जोर येतो दहा-वीस पट. म्हणजे कपडे ठिबकायचे थांबतात. वाळत नाहीत.

एप्रिलात याने काही बिघडत नाही. गच्चीवर टाकलेलं कसंही वाळतं. पण जुलैत डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, ग्रिलच्या आत बांधलेल्या दोन दोऱ्यांवर, पंख्याखाली, नीट न पिळलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेशी ओलीच असते आणि तिला कुबट वास सुटतो. हा वास साबण कमी पडल्याचा नसतो. कापड तासन्‌तास ओलं राहिलं की त्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. मग तीच जीन्स पुन्हा धुवायला टाका.

पाणी निम्मं लागतं, हा दावा एका फेरीपुरता खरा आहे, आणि मखलाशी तिथेच आहे. छोट्या टबात एका वेळी वीसेक लिटर भरतात. धुणं एकदा, विसळणं दोनदा, म्हणजे साठ. सहा किलोंच्या तीन फेऱ्या म्हणजे १८० लिटर. शहरातल्या पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटर आहे, त्यापुढे हा आकडा ठेवून बघा. सात किलोच्या सेमीत एकदा भरायला पन्नास लिटरच्या आसपास लागतात. धुऊन झाल्यावर कपडे स्पिनरमध्ये फिरवून साबणाचं पाणी आधीच काढून टाकलं तर एका विसळणीत ते काम होतं ज्याला एरवी दोन लागतात. मग तेच धुणं शंभर ते दीडशे लिटरांत आटोपतं. फ्रंट लोड तर सगळं मिळून पन्नास-साठ लिटरांत करतं. शिवाय सेमीत आपल्याकडची जुनी रीत चालते: आधी पांढरे, मग त्याच पाण्यात रंगीत, शेवटी पायपुसणी. पोर्टेबलमध्येही हे करता येईल म्हणा, पण तोवर पाणी गढूळ झालेलं असतं, कारण ते मुळातच वीस लिटर होतं.

विजेवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ३६० वॉटची मोटर पंधरा मिनिटं चालली तर ०.०९ युनिट. स्पिन धरून एका धुण्याला एक-दीड रुपया. यात निम्मं वाचवलं तरी महिन्याकाठी एका वडापावाचेही पैसे होत नाहीत. वीज खाते ती पाणी तापवण्यात, आणि ते काम फक्त हीटर असलेली मशीन करतात. फ्रंट लोडला गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावलात तरच.

‘नळ-पाइपाची भानगड नाही’ हेही अर्धवट आहे. पाणी भरायला नळ लागत नाही हे सेमीलाही लागू आहे. तीन बादल्या ओतल्या की झालं. वरच्या मजल्यावर, जिथे गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम दोन मीटर असते, तिथे फुली ऑटोमॅटिकला दाब कमी पडू शकतो, कारण अनेक मशीनना निदान ०.३ बार लागतो, म्हणजे पाण्याची सुमारे तीन मीटर उंची. तेवढी अडचण खरी. पण भाड्याच्या घरात खरा प्रश्न पाणी येण्याचा नसतो, जाण्याचा असतो. रीलमध्ये मशीन बेडरूमच्या टेबलावर किंवा ओट्यावर ठेवलेलं दिसतं. पाणी कुठे सोडलं ते दाखवत नाहीत. या मशीनला पंप नसतो. पाइप खाली टाकला की पाणी उताराने जातं, म्हणजे मशीन शेवटी बाथरूममध्ये नाहीतर मोरीतच न्यावं लागतं. सेमीचंही तसंच, आणि आपल्याकडच्या बऱ्याचशा टॉप लोडचंही. पाणी वर चढवून सिंकमध्ये सोडायचं तर पंपाचं मशीन हवं, जसं फ्रंट लोड. पुण्यात निदान ड्राय बाल्कनी असते: नळ, जाळी, प्लगचा पॉइंट आणि जमिनीला उतार. बेडरूमच्या फरशीला ना उतार ना वॉटरप्रूफिंग. तिथे वीस लिटर सांडले तर खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि डिपॉझिट परत घेताना घरमालकाशी वेगळीच चर्चा होते.

मशीन बाथरूममध्ये गेलं की मेसेज ज्याबद्दल अवाक्षर काढत नाही तो मुद्दा येतो: शॉक. स्वस्त पोर्टेबलला बऱ्याचदा दोन पिनांचा प्लग असतो. दोन पिना म्हणजे धोका असं सरसकट नाही. दुहेरी इन्सुलेशन असेल तर चालतं, पण मग पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असायला हवी. ती नसेल आणि अर्थिंगची तिसरी पिनही नसेल, तर तशी वस्तू ओल्या फरशीवर चालवू नये; चालू मशीनमध्ये हात तर कधीच घालू नये. पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव असेल तर आयपीएक्स४ असं लिहिलेलं असतं, तेही पाहा. बाथरूमबाहेरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढत आणणं तर नकोच. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे मशीनची किंमत बघण्याआधी बघा. भाड्याच्या जुन्या घरांत तो पुष्कळदा नसतो, आणि तो बसवून द्या असं मालकाला सांगण्यात संकोच करू नये.

उरला घर बदलण्याचा मुद्दा. लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा अकरा महिन्यांचा असतो, म्हणून लोक घाबरतात. पण दर वर्षी घर बदललं तरी टेम्पो येणारच आहे. फ्रीज, गाद्या, कपाट त्यात जाणारच आहे. सेमीचं वजन वीस किलोंच्या आसपास, अंग प्लास्टिकचं; दोघं उचलतात. फ्रंट लोडची गोष्ट वेगळी. आत वजनाचे ठोकळे असतात, साठ किलोंच्या आसपास जातं, आणि हलवण्याआधी ड्रम आत आपटू नये म्हणून त्याला ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. ते बोल्ट बहुतेकांनी पहिल्याच दिवशी फेकलेले असतात. दर वर्षी बिऱ्हाड हलवणाऱ्याने फ्रंट लोड घेऊ नये, इतपत मेसेजशी माझं एकमत आहे. पण त्यावरचा उपाय घडीची बादली नव्हे. आठ ते अकरा हजारांत सात किलोचं सेमी मिळतं, त्याचा बेल्ट, टायमर, ब्रेकची वायर कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक बदलतो, आणि नको झालं तर कुणीतरी ते विकत घेतं. पोर्टेबलची मोटर गेली की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या जवळ जातो.

पोर्टेबल कुणी घ्यावं? तान्ह्या बाळाची दुपटी आणि लंगोट रोज वेगळे धुवायचे असतील त्यांनी. पीजीत एकटं राहणाऱ्याने, जीन्स आणि चादरी लाँड्रीत देत असेल तर. त्यातही तीन किलोवालं, टोपलीसकट.

आणि ज्यांच्याकडे धुण्याच्या मावशी येतात किंवा जे हातानेच धुतात, त्यांच्यासाठी एक वस्तू आहे जिच्याबद्दल कुणी रील करत नाही: नुसता स्पिनर. धुण्याचा टबच नाही, फक्त पिळायचं मशीन. पाच-सहा किलोचा साधारण तीन किलोवाल्या पोर्टेबलच्याच किमतीत मिळतो, जागा एका स्टुलाएवढी घेतो. बालदीत विसळलेले कपडे त्यात पाच मिनिटं फिरवले की पावसाळ्यातही पंख्याखाली एका रात्रीत बहुतेक वाळतात. घेताना वेग विचारा, तेराशेच्या आसपास हवा. झाकण उघडल्यावर ब्रेक लागून ड्रम काही सेकंदांत थांबतो का, ते दुकानातच करून बघा. आणि पाण्याचा पाइप तुमच्या मोरीच्या जाळीपर्यंत पोचेल इतका लांब आहे का, हे घरून टेप लावून मोजूनच निघा.