शिफ्ट गेलेलं नाही, दुकानातून बाहेर ये

रविवारी भाचीचा गोखले रोडवरच्या दुकानातून फोन. "मामा, नवा कीबोर्ड घेतेय. जुन्याचं शिफ्ट गेलंय." म्हटलं, कॅपिटल अक्षरं उमटतात का? उमटतात म्हणे. मग काय गेलंय?

तिच्या ऐरोलीच्या ऑफिसातल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: टर्मिनलमधल्या (कमांड टाइप करायची खिडकी) विममध्ये (मजकूर लिहायचा एडिटर) कंट्रोल-शिफ्ट-अक्षर चालत नसेल तर कीबोर्ड खराब, कंट्रोल-ऑल्ट शॉर्टकटसाठी नेहमी मोकळंच असतं, बटणं लिहिलेल्या क्रमानेच दाबायची, आणि मॉडिफायर (कंट्रोल, शिफ्ट, ऑल्टसारखी जोडीने दाबायची बटणं) जितके जास्त तितकी दुसऱ्या शॉर्टकटशी टक्कर कमी.

पहिल्या मुद्द्यावर लोक खिसा रिकामा करतील, म्हणून तो नीट बघू. आस्कीच्या तक्त्यात (प्रत्येक अक्षराला आकडा देणारी यादी) मोठा 'बी' ६६, छोटा ९८. कंट्रोल दाबलं की जुन्या पद्धतीच्या टर्मिनलमध्ये त्या आकड्याचे खालचे पाचच बिट (शून्य-एकचे अंक) उरतात, म्हणजे ३२ च्या पटी गळतात. ६६ मधून ६४ गेले, २. ९८ मधून ९६ गेले, तरी २. शिफ्ट वाटेतच गळतं, विमपर्यंत पोचतच नाही. म्हणून तिने आपल्या शॉर्टकटसाठी कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की साध्या कंट्रोल-बीसारखं पान मागे सरकायचं. तिला तिथेच लॅपटॉप उघडायला लावला. टर्मिनलमध्ये नुसतं कॅट (टाइप केलेलं तसंच दाखवणारी कमांड) चालवून दोन्ही दाबली, दोन्ही वेळा ^बी, म्हणजे कंट्रोल-बी. याच हिशोबाने कंट्रोल-आय म्हणजे टॅब (९) आणि कंट्रोल-एम म्हणजे एंटर (१३). तेही कीबोर्डचंच पाप का? किटीसारखे नवे टर्मिनल मॉडिफायर वेगळे कळवू शकतात, पण ती सोय एडिटरलाही यावी लागते.

बरं, स्वस्त कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली तर एखादं हरवतं, हे खरं. पण मग ते सगळीकडे हरवेल, फक्त टर्मिनलमध्ये नाही.

कंट्रोल-ऑल्ट मोकळं? विंडोज त्याला ऑल्ट-जीआर (जादा चिन्हं काढायचं बटण) समजतं. 'इंग्लिश (इंडिया)' लेआउटवर कंट्रोल-ऑल्ट-४ दाबून बघा, ₹ उमटेल. हे शॉर्टकटला वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी २००४ मध्ये लिहून ठेवलंय.

क्रमाचं म्हणणं चक्क थाप. कंट्रोल आधी की शिफ्ट आधी, एडिटरला फरक पडत नाही.

आणि जास्त मॉडिफायर म्हणजे कमी टक्कर म्हणणाऱ्याने विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि विंडोज धरून एल दाबावं. लिंक्डइन उघडतं!

भाचीला विममध्ये स्पेस लीडर (शॉर्टकटची सुरुवात करणारं बटण) करून दिलाय: स्पेस, मग बी. एकामागून एक, बोटांची कसरत नाही. दुकानदार मात्र अजून बिल करायच्या तयारीत होता.