काकींचा हात आणि थेरपिस्टचा हात: ताईंच्या कमेंटला उत्तर

ताई, बाळाच्या मालिशीवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी डोकंच फिरलं. गावच्या काकी बाळाला चोळतात तर त्यांचं कौतुक, आणि शहरातला थेरपिस्ट (हाताने मान-मणक्यावर उपचार करणारा) तेच करतो तर त्याला नावं, हा दुटप्पीपणा नाही का, असं तुम्ही विचारलंत. सकाळी परत वाचलं. अर्धं बरोबर आहे तुमचं.

काकींच्या हाताने लेकाचं पोट 'उतरलं' असं मी लिहिलं होतं ना, ते वाक्य खोडलंय. कारण त्याचं रडणं सुरू झालं तिसऱ्या आठवड्यात, रोज दिवेलागणीला जे सुरू व्हायचं ते आमची जेवणं होईपर्यंत, दीड महिन्याचा असताना तर कहर, आणि चौथा महिना लागला तसं आपोआप बंद. कॉलिक (तान्ह्या बाळाचं कारण न सापडणारं रोजचं रडणं) असंच असतं. म्हणजे काकींना मी दिलेलं श्रेय हे नारळी पौर्णिमेला नारळ टाकला नि दर्या शांत झाला तसलं! आणि मग थेरपिस्टचं तरी वेगळं काय?

अशा हाताच्या उपचारांवर अभ्यास आहेत म्हणालात, आहेत की. कोक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१२ मध्ये ६ अभ्यास एकत्र करून पाहिले, एकूण ३२५ बाळं. रडणं कमी झालेलं दिसलं, पण बहुतेक ठिकाणी रडण्याची नोंद ठेवणारे आईबापच, आणि बाळाला ट्रीटमेंट मिळालीय हे त्यांना माहीत. ज्यांना माहीत नव्हतं तेवढेच धरले तर फरक खात्रीने सांगण्यासारखा उरला नाही.

माझा राग हातावर नाहीच ओ, दाव्यावर आहे. काकी म्हणतात, "चोळतंय जरा, झोपेल." तिकडे थेरपिस्टने मला सांगितलं की जन्मताना मान सरकलीय, ८ सेशन घ्या. आमच्या डॉक्टरांनी तपासलं, मानेला काही झालेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात तर २०१९ मध्ये कायरोप्रॅक्टरना (हाताने मणक्यावर उपचार करणाऱ्यांना) २ वर्षांखालच्या मुलांच्या मणक्याला झटके द्यायला मनाई केली होती. मान खरंच एका बाजूला आखडलेली असली तर गोष्ट वेगळी, तिथे तुम्हा फिजिओ लोकांचे व्यायाम लागतातच आणि जितके लवकर तितकं बरं, हे मी लिहायला हवं होतं.

आणि काकींचंही सगळं चालवून घेतलं नाही हं मी. नाकाकानात तेल घालायचं नाही (नाकातलं फुप्फुसात जातं) आणि छातीच्या गाठी पिळायच्या नाहीत, यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. सासूबाई अर्थात काकींच्या बाजूने. शेवटी उरलं ते एवढंच: कोमट खोबरेल, दूध पिऊन पाऊण तास झाल्यावर पोटावर घड्याळाच्या काट्यासारखा हलका हात, पायांची सायकल. बाळ आकसून घेऊ लागलं की थांबायचं. त्याने तो दहा मिनिटं गप्प राहायचा आणि मला चहा प्यायला मिळायचा.

पण ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा दूधच ओढत नसेल तर तेलाची वाटी आधी बाजूला ठेवा नि लगेच डॉक्टर गाठा. आमच्या गुहागरहून चिपळूण गाठायलाच तास-सव्वा तास जातो.

मानेच्या व्यायामावर तुम्ही लिहून पाठवाल का? पोस्टच्या खालीच टाकते.